खडूचा वेग

आमच्या जीवशास्त्राच्या सरांना फळ्यावर हृदय काढायला वीस-पंचवीस मिनिटं लागत. आधी पांढऱ्या खडूने बाहेरची कड, मग मधला पडदा, मग एका बाजूच्या रक्तवाहिन्या निळ्या खडूने आणि दुसऱ्या बाजूच्या लालने. मध्येच खडू फळ्यावर टेकवून ते थांबत. "आता इथून रक्त कुठं जाणार?" कुणीतरी उत्तर देईपर्यंत खडू तिथून हलत नसे. आम्ही त्यांच्या मागोमाग वहीत काढत असू. माझं हृदय नेहमी वांग्यासारखं व्हायचं. पण डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा जाड असते, हे अजून माझ्या हाताला आठवतं. कारण तिथे सर खडू आडवा धरून तीन-तीनदा घासत आणि विचारत, "हिलाच एवढं बळ कशाला हवं?"

तेच हृदय आज एका क्लिकसरशी पडद्यावर येतं. रंगीत, रेखीव, सोळा नावं आणि सोळा बाण घेऊन. दुसऱ्या सेकंदाला शिकवणारा महाधमनीवर बोलायलाही लागलेला असतो. मुलांची नजर अजून पहिल्या बाणावर असते.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझाही तास बरीच वर्षं स्लाइडवरच चालतो. तेव्हा ही तक्रार दुसऱ्या कुणाबद्दल नाही. माझी एक पीपीटी अठ्ठावन्न स्लाइडची होती. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासाला अठ्ठावन्न स्लाइड! शेवटच्या दहा तर मी रेल्वेच्या खिडकीतून स्टेशनं दिसावीत तशा पळवायचो. मागच्या बाकावरची मुलं मोबाइल बघताहेत असं लक्षात आलं, तेव्हा मी बहुतेक शिक्षक करतात तेच केलं. अक्षरं उडत येतील, गोल फिरतील अशी सोय केली, कोपऱ्यात हलणारं कार्टून टाकलं. कार्टून मुलांना आवडलं. बाकी काही बदललं नाही.

मुळात हे साधन वर्गासाठी जन्मलेलंच नाही. कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवलं. नाव आधी ‘प्रेझेंटर’ होतं, ते पुढे ‘पॉवरपॉइंट’ झालं. एप्रिल १९८७ मध्ये ते मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक कोटी चाळीस लाख डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली. कंपन्यांमधल्या बैठकांत ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका झटपट तयार व्हाव्यात, एवढाच मूळ हेतू होता. साहेबाला किंवा गिऱ्हाइकाला दहा मिनिटांत पटवायचं असतं. त्यांना परीक्षा द्यायची नसते. मथळा, त्याखाली टिंबं, टिंबांपुढे तुटक शब्द, हा साचा तिथला आहे. तो आपण जसाच्या तसा वर्गात आणला आणि वर पाठ्यपुस्तकातले परिच्छेदही चिकटवले.

परिच्छेद चिकटवण्याचा तोटा किती, हे समजून घ्यायला रिचर्ड मेयर यांचे प्रयोग वाचावेत. ते सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. वीज कशी चमकते, सायकलचा पंप कसा चालतो, असे साधे विषय घेऊन त्यांनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट तपासली: कुठल्या मांडणीतून माणसाला जास्त समजतं? विजेच्या एका प्रयोगात काहींना चलच्चित्र आणि त्याबरोबर आवाजात स्पष्टीकरण दिलं. दुसऱ्यांना तेच चित्र, तोच आवाज आणि शिवाय खाली मजकूर. माहिती दुसऱ्या गटाला जास्त मिळाली म्हणायची. पण शिकलेलं नव्या प्रश्नाला लावून दाखवायची वेळ आली, तेव्हा पहिला गट सरस ठरला.

याचं कारण आपल्या डोक्याच्या रचनेत आहे. क्षणापुरतं काही धरून ठेवणारी जी स्मृती असते, तिची जागा फार थोडी. त्यातही शब्दांची वाट वेगळी आणि चित्रांची वेगळी. डोळ्यांनी वाचलेला शब्द आपण मनात उच्चारतोच, म्हणजे तोही शेवटी ऐकलेल्या शब्दांच्याच वाटेवर येतो. शिक्षक एक वाक्य बोलतोय आणि पडद्यावर तेच किंवा तसंच वाक्य आहे, अशा वेळी मुलाच्या डोक्यात दादर स्टेशन होतं. एकाच दारातून चढणारे आणि उतरणारे. वाचण्याचा वेग बोलण्यापेक्षा जास्त असल्यामुळे मूल शेवटच्या ओळीवर पोहोचलेलं असतं आणि शिक्षक दुसऱ्या ओळीवर. मग ते एकतर वाचतं किंवा ऐकतं, आणि थोड्या वेळाने दोन्ही सोडून देतं. त्याऐवजी पडद्यावर चित्र असेल आणि शब्द तोंडून येत असतील, तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

कोपऱ्यातल्या माझ्या कार्टूनचा निकालही मेयर यांच्या प्रयोगांतून लागतो. त्याच विजेच्या धड्यात त्यांनी मध्येमध्ये विजेबद्दलच्याच, पण विषय पुढे न नेणाऱ्या गमतीशीर चित्रफिती घातल्या. समजण्याचं प्रमाण घटलं. मुलांना गंमत लक्षात राहते आणि ज्यासाठी गंमत केली ते निसटतं. कीर्तनकारालाही हे ठाऊक असतं. आख्यान कितीही रंगलं तरी तो ते पूर्वरंगातल्या अभंगाशी आणून बांधतो.

पण पडद्यावर मजकूर नको, या नियमाला आपल्याकडे एक मोठा अपवाद करावा लागतो. मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी सायन्सला आलेल्या मुलाने ‘संवेग’ शिकलेला असतो, ‘मोमेंटम’ त्याने फारसा ऐकलेला नसतो. नवा शब्द कानावर पडला आणि दिसला मात्र नाही, तर तो त्याच्या वहीत भलत्याच स्पेलिंगने उतरतो आणि परीक्षेपर्यंत तसाच राहतो. म्हणून पारिभाषिक शब्द पडद्यावर हवेतच, ठळक हवेत, आणि शेजारी मराठी शब्दही हवा. सबंध वाक्यांची गर्दी नको, इतकंच. पडद्यावर इंग्रजी शब्द आणि बोलताना मराठी स्पष्टीकरण, ही आपल्या वर्गांतली रूढ रीत या दृष्टीने बरीच शहाणपणाची आहे. आपण तिची उगाच लाज बाळगतो.

तुटक टिंबांची किंमत किती मोठी असू शकते, याचं उदाहरण वर्गाबाहेरचं आहे. १६ जानेवारी २००३ ला ‘कोलंबिया’ अंतराळयान निघालं. कर्नालची कल्पना चावला त्यात होती. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा निसटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी या धडकेचं विश्लेषण करून नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडलं. त्यातल्या एका स्लाइडच्या मथळ्याचा सूर धीर देणारा होता: चाचण्यांचे आकडे पाहता आपले अंदाज सुरक्षिततेच्या बाजूला झुकलेले दिसतात. त्याखाली टिंबं, टिंबांखाली उपटिंबं, त्यांच्याखाली आणखी बारीक अक्षरांतली टिंबं. सगळ्यात तळाच्या ओळीत असं होतं की चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रत्यक्ष आदळलेला सुमारे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. ज्या चाचणीच्या भरवशावर मथळा उभा होता, ती इथे लागूच पडत नव्हती, आणि ही बातमी सगळ्यात लहान अक्षरांत होती.

१ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. सातही जण गेले. अपघाताला स्लाइड जबाबदार होती असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. निर्णय माणसांनी घेतले होते आणि त्यामागे बऱ्याच गोष्टी होत्या. पण माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या एका स्लाइडची चिरफाड केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालातही तिची दखल घेतली गेली. सविस्तर तांत्रिक टिपणाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवर अहवालाने बोट ठेवलं.

ती स्लाइड पाहिल्यापासून मी मथळ्यांकडे संशयाने बघतो. पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल ॲली बरीच वर्षं एक साधी गोष्ट सांगत आले आहेत: मथळ्याच्या जागी विषयाचं नाव लिहू नका, जे सांगायचं आहे ते पूर्ण वाक्य लिहा आणि त्याखाली टिंबांऐवजी त्या वाक्याचा पुरावा ठेवा, चित्र, आलेख, फोटो, जे असेल ते. माझ्या जुन्या स्लाइडवर ‘न्यूटनचा तिसरा नियम’ असा मथळा होता आणि खाली पाच टिंबं. आता तिथे एकच वाक्य आहे: ‘एसटी स्कूटीला जेवढ्या बलाने ढकलते, तेवढ्याच बलाने स्कूटी एसटीला ढकलते.’ खाली दोन वाहनं आणि सारख्या लांबीचे दोन बाण. वाक्य लिहायला बसलं की आणखी एक गोष्ट घडते. आपल्याला नक्की काय सांगायचं आहे ते आपल्यालाच माहीत नव्हतं, हे कळतं. माझ्या अठ्ठावन्नपैकी निम्म्याहून जास्त स्लाइडना मला वाक्यच सुचेना. त्या मी काढून टाकल्या. कुणीही विचारलं नाही की त्या कुठे गेल्या.

मात्र हे वाक्य मुलांना आधी दाखवायचं नसतं. आणि स्लाइडच्या तासाचा खरा पालट तिथेच आहे.

हार्वर्डचे एरिक मझूर १९९० च्या सुमारास भौतिकशास्त्राचे लोकप्रिय प्राध्यापक होते. मुलं त्यांना उत्तम शेरे देत, परीक्षेतली अवघड गणितंही सोडवत. त्यांच्या वाचनात ॲरिझोनातल्या दोन संशोधकांचे लेख आले. एक पूर्ण सत्र भौतिकशास्त्र शिकूनही मुलांच्या बल आणि गतीबद्दलच्या मूळ समजुती जवळपास तशाच राहतात, असं त्यांत होतं. आपल्या मुलांचं असं नसणार, अशा खात्रीने मझूर यांनी त्या साध्या शब्दांतल्या प्रश्नांची चाचणी वर्गात दिली. जड ट्रक आणि हलकी गाडी आदळली तर कुणावर जास्त बल लागतं, अशा धर्तीचे प्रश्न. एका मुलीने विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मी एरवी विचार करते तसं? निकाल अर्थातच वाईट लागला. गणित सोडवणारी मुलं सूत्रात आकडे घालत होती. ट्रक मात्र त्यांच्या डोक्यात अजूनही गाडीला जास्तच जोरात मारत होता.

तो प्रश्न वर्गाला नीट समजावून देण्याचे त्यांचे प्रयत्न फसले. शेवटी हताश होऊन ते म्हणाले, आपापसात बोला. वर्गात एकच गलका झाला आणि काही मिनिटांत बऱ्याच जणांना उत्तर कळलं. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ज्याला ती गोष्ट गेल्या आठवड्यात कळली, त्याला ती कुठे अडते हे अजून आठवत असतं. शिक्षकाला ती तीस वर्षांपूर्वी कळलेली असते.

या गलक्यातून त्यांनी एक रीत बसवली. काही मिनिटं एक मुद्दा शिकवायचा. मग पडद्यावर एक प्रश्न, चार पर्याय. मिनिटभर पूर्ण शांतता, प्रत्येकाने स्वतःचं उत्तर ठरवायचं. मग सगळ्यांनी एकदम उत्तर दाखवायचं. बरोबर उत्तर देणारे साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान असतील, तर वेगळं उत्तर दिलेल्या शेजाऱ्याला पटवून द्यायचं आणि पुन्हा मत द्यायचं. तीसच्या खाली असतील तर बोलून उपयोग नाही, मुद्दा पुन्हा शिकवायला हवा. सत्तरच्या वर असतील तर थोडं सांगून पुढे जायचं.

यासाठी बटणांची यंत्रं निघाली आहेत, मोबाइलवरची साधनं आहेत. मी जाड कागदाची चार रंगांची कार्डं वापरतो. लाल अ, पिवळा ब, हिरवा क, निळा ड. साठ मुलांच्या वर्गाला लागणारी कार्डं स्टेशनरीच्या दुकानात दोनशे-तीनशे रुपयांत होतात आणि रेंज नसली तरी चालतात. वर्ग कोणत्या रंगाचा झाला हे एका नजरेत दिसतं. एसटी आणि स्कूटीच्या प्रश्नाला माझा वर्ग दरवर्षी लालभडक होतो. लाल म्हणजे ‘एसटी जास्त बल लावते’. मग जी भांडाभांडी होते तिच्यात एरवी तोंड न उघडणारी मुलंही असतात, कारण साठ जणांसमोर उभं राहून बोलायचं नसतं, बाकावरच्या मैत्रिणीला सांगायचं असतं. ‘अगं, पण बल वेगळं आणि नुकसान वेगळं’ हे वाक्य मागून ऐकू आलं की मी पुढची स्लाइड काढतो. ती वर सांगितलेली. वाक्य तेच, पण आता ते मुलांच्या भांडणाचा निकाल म्हणून येतं.

हे केवळ माझं किंवा हार्वर्डचं समाधान नाही. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. फक्त व्याख्यान चालणाऱ्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के निघालं, आणि मुलांना तासातच काही करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. मुलांना मात्र तसं वाटेलच असं नाही. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा वर्गातली मुलं जास्त शिकली होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः डोकं चालवताना आपलं अडणं दिसतं. म्हणून पहिल्याच तासाला हे मुलांना सांगून टाकावं. नाहीतर ‘सर हल्ली शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात’ ही तक्रार प्राचार्यांपर्यंत जाते. माझी गेली होती.

प्रश्न विचारल्यावर थांबणं हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड. मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात शेकडो वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबले, की उत्तरं लांबत होती, जास्त मुलं बोलत होती. तीन सेकंद! करून बघा. वर्गात ते तीन मिनिटांसारखे वाटतात. मी हातातला रिमोट टेबलावर ठेवतो. हातात असला की बोट आपोआप दाबतं.

मुलांचं लक्ष दहा मिनिटंच टिकतं, असं बऱ्याच प्रशिक्षणांत छातीठोक सांगतात. त्याला भक्कम आधार नाही. रसायनशास्त्राच्या काही वर्गांत मुलांनीच आपलं लक्ष उडालं की बटण दाबून कळवलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लक्ष सबंध तासभर येत-जात राहतं असं दिसलं. प्रात्यक्षिक किंवा प्रश्न चालू असताना ते कमी उडत होतं, हे महत्त्वाचं.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण त्या नसल्या तर वरचं सगळं फुकट. स्लाइड चालू असताना कळफलकावरची ‘बी’ कळ दाबली की पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. उजळलेल्या पडद्याशी माणसाच्या चेहऱ्याची स्पर्धा होऊ शकत नाही, त्यामुळे काही समजावताना किंवा मुलांना बोलतं करताना पडदा विझवावा. मोठी आकृती एकदम आणू नये, तुकड्या-तुकड्याने यावी, प्रत्येक तुकड्याआधी ‘पुढे काय असेल?’ हा प्रश्न यावा. उडत्या अक्षरांपेक्षा ॲनिमेशनचा हा उपयोग शंभर पटीने चांगला. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या फाँटमध्ये केलेली स्लाइड घरी सुरेख दिसते आणि वर्गातल्या संगणकावर तिचा खिचडा होतो. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, जोडाक्षरं दाट असतात, त्यामुळे अक्षर रोमनपेक्षा मोठं आणि ओळींत अंतर जास्त लागतं. आदल्या दिवशी स्लाइड लावून स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसावं, दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून. घरच्या संगणकावरची फिकट पिवळी अक्षरं तिथून दिसतच नाहीत.

आणि ‘सर, पीपीटी ग्रुपवर टाका ना!’ याचं काय करायचं? मी टाकतो, पण तासाच्या आधी, अर्धवट. आकृत्या असतात, नावांच्या जागा रिकाम्या, आलेखाचे अक्ष असतात, रेघ नसते. ती तासात भरायची. आयता कागद हातात असला की मुलं लिहीत नाहीत, आणि सगळंच लिहायला लावलं तर ती लेखनिक होतात. मधली वाट ही.

शेवटची स्लाइड मी बदलली आहे. तिथे पूर्वी गुलाबाचं फूल आणि ‘थँक यू’ असायचं, जसं ते देशातल्या बहुतेक पीपीटींच्या शेवटी असतं. आता त्या जागी ‘आज काय कळलं नाही?’ एवढंच असतं. घंटेआधी पाच मिनिटं मुलं वहीच्या चिटोऱ्यावर उत्तर लिहून दाराजवळच्या डब्यात टाकतात. नाव लिहायचं नाही. बरीच चिटोरी कोरी असतात, काहींवर ‘सगळं कळलं’ असतं, एकावर मोबाइल नंबर होता. तिसऱ्या नियमाच्या तासानंतर एक निघालं, पेन्सिलने लिहिलेलं: ‘बैल गाडीला ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागे ओढते, तर गाडी पुढे जाते कशी?’

दुसऱ्या दिवशी मी प्रोजेक्टर लावलाच नाही. खडू घेतला आणि फळ्यावर आधी जमीन काढली, मग बैलाचा मागचा पाय, आणि खुराखाली खडू टेकवून थांबलो. "हा पाय जमिनीला कुठल्या दिशेने रेटतोय?" पहिल्या बाकावरून उत्तर आलं, मग तिसऱ्या बाकावरून त्याच्या उलट. भांडण मिटेपर्यंत मी बाकीचा बैल पुरा केला. चित्रकला अजून तशीच आहे. तो वांग्यासारखाच झाला, आणि मुलं हसत हसत तो वहीत उतरवून घेत होती.